गेम दहा मिनिटांनी अडखळतो, तेव्हा जुन्या लॅपटॉपचं नेमकं काय बिनसलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१८ साली घेतलेला लॅपटॉप, आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम, २ जीबीचं एमएक्स१५० ग्राफिक्स आणि एक टीबीची हार्डडिस्क. जीटीए फाइव्ह आणि व्हॅलोरंट खेळायचं आहे. सुरुवातीला पन्नास-साठ एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम) मिळतात, दहा-बारा मिनिटांत आकडा वीस-पंचवीसवर येतो आणि मग अडखळतच राहते. दुकानात दाखवला तर ‘जुना झाला, नवा घ्या’ असं उत्तर मिळालं. हाताशी पाच हजार रुपये आहेत, तर काय करावं?

सेकंड इयरला आहेस असं लिहिलंयस, म्हणून सरळ अरे-तुरेत बोलतो. इचलकरंजीत लॅपटॉप दुरुस्त करत मला सोळा वर्षं झाली. असा लॅपटॉप महिन्यातून दोन-तीन वेळा तरी टेबलावर येतोच, आणि बहुतेक वेळा तो म्हातारा झालेला नसतो, त्याचा श्वास कोंडलेला असतो.

तुझ्या प्रश्नातला ‘दहा मिनिटांत’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. मुळात कमजोर असलेला लॅपटॉप पहिल्या मिनिटापासून कमजोर असतो. जो आधी साठ देतो आणि मग पंचवीसवर येतो, त्याच्यात साठची ताकद आहे, फक्त ती टिकत नाही. त्यामुळे ‘एफपीएस कसे वाढवू’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. आहेत ते टिकवायचे कसे, एवढंच बघू.

तुझ्या प्रोसेसरला इंटेलने १५ वॅटची चौकट दिली आहे. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये, म्हणजे काम वाढल्यावर मारलेल्या उडीत, ३.४ पर्यंत. काम अंगावर आलं की चिप थोडा वेळ १५ वॅटच्या बरीच वर जाते. लॅपटॉप बनवणाऱ्याने बदल केला नसेल तर ही मुभा २८ सेकंदांच्या हिशेबाने मिळते. म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर वेग थोडा उतरला तर ते दुखणं नाही, ती चिप तशीच बनवलेली आहे. दहाव्या मिनिटाची घसरण मात्र वेगळी. तोवर तांब्याची नळी, जाळी, आतली हवा, कीबोर्डखालचा पत्रा असं सगळं तापून झालेलं असतं, आणि जेवढी उष्णता तयार होते तेवढी बाहेर पडत नाही. १०० अंशांच्या आसपास पोचली की चिप स्वतःला वाचवायला वेग पाडते.

त्यात आणखी एक गोम आहे. या वर्गातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकाच नळीवर आणि एकाच फॅनच्या भरवशावर बसवलेल्या असतात. आजीच्या चुलीला शेजारी वैल असायचा, आठवतो? लाकडं चुलीत घालायची, पण वैलही आपोआप तापायचा. इथे प्रोसेसर उगाच धावला की ग्राफिक्स चिप न मागता तापते, आणि गेमला खरी गरज तर तिचीच असते. ही वैलाची गोष्ट लक्षात ठेव, पुढे टर्बोला लगाम घालताना लागणार आहे.

आता स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी मोजमाप. हे टाळून जो कामाला लागतो त्याला शेवटी कशाने फरक पडला हे कळतच नाही. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाक, सुरू करताना फक्त सेन्सर दाखवणारा पर्याय निवड, आणि वीस मिनिटं नेहमीसारखा खेळ. मग बाहेर येऊन ‘मॅक्झिमम’ आणि ‘करंट’ हे दोन रकाने वाच. प्रोसेसरचं तापमान ९५च्या पुढे आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’पुढे (तापल्यामुळे वेग पाडणं) ‘येस’ दिसत असेल तर दुखणं उष्णतेचं आहे. तापमान सत्तरच्या घरात आहे, पण प्रोसेसरचा वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर चिकटून बसलाय, तर उष्णतेला दोष देऊ नकोस, चार्जर किंवा बॅटरीकडे बघ. ग्राफिक्सचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ग्राफिक्स चिप आपलं काम पूर्ण करतेय. तोच वापर साठ टक्क्यांवर रेंगाळतोय आणि प्रोसेसरचा एखादा कोर शंभरला टेकलाय, तर अडसर प्रोसेसरचा. दोघंही निवांत आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के, तर हार्डडिस्क.

एकदा काहीही न उघडता, गेम बंद असताना हेच आकडे बघ. रिकामा बसलेला लॅपटॉप सत्तर अंशांवर आणि ग्राफिक्सचा वापर पन्नास टक्के दिसला तर कुणीतरी आत बसून तुझ्या विजेवर क्रिप्टो खणतंय असं समज. फुकटात उतरवलेल्या क्रॅक गेमसोबत हे पाहुणे येतात. गेल्या वर्षी एका मुलाचा लॅपटॉप मी दोन वेळा साफ करून दिला, चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलली, तरी तिसऱ्यांदा तीच तक्रार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि हे बघितलं. विंडोज नव्याने टाकल्यावर प्रकरण मिटलं. दोन वेळची मजुरी परत केली, कारण चूक माझी होती, मोजलं नव्हतं.

आता साफसफाई. आमच्या गावात यंत्रमागांमुळे हवेत कापसाची धूळ असते आणि ती लॅपटॉपच्या फॅनमध्ये साध्या धुळीसारखी बसत नाही. फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये तिचा थर साचून साचून घट्ट नमदा तयार होतो. चिमट्याने धरून ओढला की आख्खा तुकडा निघतो. गावोगावी धुळीची जात बदलते, जागा तीच राहते. ही जागा बाहेरून दिसत नाही. बाहेरच्या जाळीतून टॉर्च मारून ‘स्वच्छ आहे की’ म्हणणारे रोज भेटतात. बाहेरून ब्लोअर मारला तर तो नमदा उलटा फॅनच्या पात्यांवर जातो आणि दोन दिवसांत परत जागेवर येतो. त्यामुळे मागचं झाकण काढून फॅन मोकळा करण्याला पर्याय नाही.

स्वतः करणार असशील तर तुझ्या नेमक्या मॉडेलचं उघडण्याचं चित्रीकरण आधी पूर्ण बघ. चार्जर काढ, लॅपटॉप बंद कर, आणि झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडव. कुठला स्क्रू कुठला हे कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्यावर चिकटपट्टीने लाव. हे बालिश वाटेल, पण लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वर कीबोर्डशेजारच्या पत्र्याला फोड येतो आणि तो जन्मभर तुझ्याकडे बघत राहतो. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेव, मोकळा फॅन भलत्या वेगाने फिरवला तर त्याचं बेअरिंग जातं. जाळी रंगकामाच्या मऊ ब्रशने झाड. पाणी, कॉलीन, ओला रुमाल यातलं काहीही नको.

हीटसिंकवर, म्हणजे चिपवर बसणाऱ्या त्या तांब्याच्या नळी-पट्टीवर, स्क्रूंशेजारी बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रमाने, बसवताना सुलट क्रमाने, आणि एकेक स्क्रू एकदम न आवळता सगळे थोडे थोडे. चिपवरची जुनी पेस्ट सात-आठ वर्षांत सुकून भाकरीच्या पिठाच्या खपलीसारखी झालेली असेल. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पूर्ण पूस. नवी पेस्ट चांगल्या नावाची घे. बाजारात सुट्ट्या डबीत मिळणारी पांढरी पेस्ट ट्रान्झिस्टरसाठी ठीक असते, इथे नको. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूचं टोपण नसतं, म्हणून मध्ये ठिपका ठेवून निभावत नाही. चिपचा आख्खा आरसा झाकला जाईल इतका पातळ थर पसरव. परवडत असेल तर पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम७९५० ही पट्टी लाव. ती खोलीच्या तापमानाला घट्ट असते आणि गरम झाल्यावर मऊ होऊन चिपवर बसते. उघड्या चिपवर पातळ पेस्ट गरम-थंड होता होता कडेला ढकलली जाते, ही पट्टी तशी सहसा सरकत नाही. पण नकली माल फार आहे, खात्रीच्या माणसाकडूनच घे.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. ग्राफिक्स चिपच्या भोवती मेमरीचे छोटे चौकोन असतात आणि त्यांच्यावर करड्या किंवा निळसर रबरासारख्या पट्ट्या असतात, थर्मल पॅड म्हणतात त्यांना. सुरुवातीच्या काळात एकदा फाटलेला पॅड टाकून मी तिथे पेस्टच भरली. हीटसिंक आणि मेमरीमध्ये मिलिमीटरभर अंतर असतं, पेस्ट ते भरून काढू शकत नाही. आठवड्याने लॅपटॉप परत आला, पडद्यावर रंगीत चौकडे. मेमरी भाजली होती. पॅड धड असेल तर हात लावू नकोस, फाटला तर त्याच जाडीचा नवा घे. अर्धा, एक, दीड मिलिमीटर असे मिळतात. जास्त जाड घेतला तर उलट चिपवर हीटसिंक टेकतच नाही.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर जवळच्या कारागिराकडून करून घे, पण समोर बसून. पेस्ट आणि मजुरी मिळून शेकड्यांतच काम होतं.

साफसफाई झाली की एक फुकटचा उपाय: मागच्या दोन कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं ठेव. हवा आत ओढायच्या भोकांपाशी बोटभर जागा झाली तरी फॅनला खूप सोपं जातं. गादीवर, उशीवर, मांडीवर गेम खेळू नकोस. कूलिंग पॅडबद्दल बरेच जण विचारतात. आतला नमदा तसाच ठेवून खालून वारा घालणं म्हणजे नाक चोंदलेल्या माणसाला पंख्यासमोर बसवणं. साफ केल्यावर, आणि पॅडचे पंखे तुझ्या लॅपटॉपच्या खालच्या भोकांच्या समोर येत असतील तरच, थोडा उपयोग होतो. मे महिन्यात खोलीत ४० अंश असताना आणि डिसेंबरात २५ असताना एकच लॅपटॉप वेगळा का वागतो, याचं उत्तरही इथेच आहे. खोली जितकी जास्त गरम तितकेच अंश जवळजवळ तसेच्या तसे चिपवर चढतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या मित्रांनी उन्हाळ्यात दुपारऐवजी रात्री अकरानंतर खेळावं, हा सल्ला मी चेष्टेत देत नाही.

विजेचं थोडक्यात. खेळताना चार्जर लावलेलाच हवा. बॅटरीवर ग्राफिक्स चिपला पूर्ण वीज मिळत नाही. चार्जर बदललेला असेल तर त्याचे वॅट मूळच्या इतकेच आहेत का बघ. काही कंपन्यांचे लॅपटॉप परका चार्जर ओळखत नाहीत आणि प्रोसेसरला मुद्दाम रांगायला लावतात, तोच तो ०.८ गिगाहर्ट्झचा प्रकार. विंडोजमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ आणि कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये ‘क्वाएट’ निवडलेलं नाही, एवढं तपास.

आता वैलाकडे वळू. जीटीएसाठी तुझ्या प्रोसेसरला सतत ३.४ गिगाहर्ट्झवर उड्या मारायची गरज नाही. त्या शेवटच्या अर्ध्या गिगाहर्ट्झसाठी तो व्होल्टेज फार वाढवतो आणि उष्णता त्या मानाने कितीतरी जास्त टाकतो. ‘कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा’ हा सल्ला तू ऐकला असशील. त्याने टर्बो साफ बंद होतो. जुन्या एचक्यू मालिकेच्या प्रोसेसरवर, उदाहरणार्थ आय५-७३००एचक्यू, हा उपाय छान चालतो, कारण त्याचा मूळ वेगच २.५ गिगाहर्ट्झ आहे. तुझा यू मालिकेचा. टर्बो गेला की दीड-पावणेदोन गिगाहर्ट्झवर येईल आणि जीटीएतल्या लॉस सँटोस शहराच्या रस्त्यावर गर्दी झाली की गुदमरेल. त्यापेक्षा थ्रॉटलस्टॉप या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये टर्बोचा गुणक २६ किंवा २७वर बांध, म्हणजे चारही कोर २.६-२.७ गिगाहर्ट्झवर स्थिर चालतील. माझ्या टेबलावर अशा लॅपटॉपला यानेच सगळ्यात जास्त फरक पडलेला बघितलाय. प्रोसेसर थंड राहिला की ग्राफिक्स चिपला मोकळीक मिळते आणि विसाव्या मिनिटालाही आकडा पहिल्यासारखाच राहतो.

याच सॉफ्टवेअरने अंडरव्होल्टही होतं, म्हणजे त्याच वेगाला चिपला थोडं कमी व्होल्टेज द्यायचं. पण डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट जाहीर झाली आणि त्यानंतरच्या बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमध्ये बऱ्याच कंपन्यांनी हा दरवाजा बंद केला. तुझ्याकडे उघडा असेल तर उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात कर, दहा-दहाने वाढव, उणे ८०च्या आसपास थांब. निळा पडदा आला की एक पायरी मागे. बंद असेल तर जुनं बायोस शोधून टाकायच्या फंदात पडू नकोस, गुणक बांधून काम भागतं. आणि व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, हार्डवेअरशी थेट बोलणाऱ्या काही सॉफ्टवेअरचे ड्रायव्हर अडवतं. तक्रार आली तर भांडत बसू नकोस, व्हॅलोरंटच्या वेळी ते सॉफ्टवेअर बंद ठेव.

आता पाच हजारांचा हिशेब. रॅम आणि एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) दोन्हींचे भाव २०२५च्या अखेरीपासून चढलेत, त्यामुळे मी आकडे लिहीत नाही. पाच हजारांत दोन्ही वस्तू नव्या येणार नाहीत असं धरूनच चाल. मग आधी काय?

जीटीएमध्ये गाडी वेगात हाकताना पुढचा रस्ता गायब होतो, इमारती चिखलाच्या गोळ्यासारख्या दिसून मग हळूहळू आकार घेतात, असं होतं का? ती हार्डडिस्क. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. साठ एफपीएसवर एका फ्रेमला मिळतात साडेसोळा. डिस्कचं डोकं योग्य जागी सरकेपर्यंत आणि चकती फिरून खाली येईपर्यंत फ्रेमची वेळ संपलेली असते, आणि असे शेकडो तुकडे वाचायचे असतात. एसएसडीने सरासरी एफपीएस वाढत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण हे आचके जातात, आणि तुझं ‘अडखळतच राहतं’ यातला निम्मा भाग मला तोच वाटतो. ४८० किंवा ५१२ जीबीची घे, कारण एकटा जीटीएच १२० जीबीच्या घरात जागा खातो. तुझ्या लॅपटॉपमध्ये एम.२ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, जागा असेल तर ती साटा जातीची आहे की एनव्हीएमई, हे मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत बघूनच वस्तू घे. खाचेत बसली म्हणजे चालेलच असं नाही. शंका असेल तर सरळ हार्डडिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी घाल. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून तिथे कॅडी नावाच्या चौकटीत जुनी हार्डडिस्क बसते, सिनेमे-फोटोंना उत्तम.

रॅम त्यानंतर. ८ जीबीत विंडोज, डिस्कॉर्ड आणि क्रोमचे चार टॅब बसल्यावर गेमला उरतंच किती? पण एवढंच नाही. एकच स्टिक म्हणजे एकच मार्ग. २४०० वेगाच्या डीडीआर४ला एका मार्गावर सेकंदाला १९.२ जीबी, दोन मार्गांवर ३८.४ जीबी जातात. तुझ्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स असलं तरी तयार झालेली प्रत्येक फ्रेम इंटेलच्या ग्राफिक्समधून, म्हणजे याच रॅममधून पडद्यावर जाते. ज्यांच्याकडे स्वतंत्र ग्राफिक्सच नाही, नुसतं यूएचडी ६२० आहे, त्यांच्यासाठी तर रॅम हीच ग्राफिक्स मेमरी, म्हणून त्यांनी एसएसडीच्याही आधी दुसरी स्टिक घालावी. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ८ जीबीची स्टिक खात्रीच्या दुकानात मिळाली तर बिनधास्त घे. रॅममध्ये झिजणारा भाग नसतो. एक रात्र मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर चालव आणि एकही चूक निघाली तर परत कर.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मी आळशी आहे आणि तूही राहा. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुझा प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ला चालतो, एसएसडी आल्यावर तेच कोरं टाक. व्हॅलोरंटला त्यावर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बायोसमधल्या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात. विंडोजच्या सुरक्षेतली, कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी बंद केली तर गेमला थोडा वेग मिळतो, हे मायक्रोसॉफ्टनेही सांगितलंय. पण ज्या लॅपटॉपवर बँकेचं काम होतं तिथे मी ती चालू ठेवतो. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमागे धावू नकोस. एनव्हिडियाने तुझ्या चिपच्या पिढीसाठी गेम-रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पासून थांबवलेत, आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. ५८० मालिकेतला शेवटचा टाक आणि विसर. एक गोष्ट मात्र नक्की बघ: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स या पानावर दोन्ही गेमपुढे ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलेलं आहे ना? कितीतरी वेळा गेम गुपचूप इंटेलवरच चाललेला सापडतो आणि एमएक्स१५० बिचारं झोपलेलं असतं.

तेही एमएक्स१५० दोन जातींचं निघालं होतं. नाव एकच, पण एक २५ वॅटचं आणि दुसरं पातळ लॅपटॉपसाठीचं १० वॅटचं. जीपीयू-झेड या ग्राफिक्सची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ वेग १४६८ मेगाहर्ट्झ दिसला तर पहिलं, ९३७ दिसला तर दुसरं. दुसरं असेल तर मित्राच्या ‘सेम टू सेम’ लॅपटॉपशी तुलना करून जीव जाळू नकोस.

गेमच्या सेटिंगमध्ये लोक सगळं ‘लो’ करून मोकळे होतात. त्याने चित्र भिकार होतं आणि जिथे अडतंय तिथे काही हलतही नाही. जीटीएची नवी एन्हान्स्ड आवृत्ती सोड, जुनी लेगसी ठेव. रिझोल्युशन पहिलं. १९२० × १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ठिपके, १६०० × ९०० म्हणजे १४ लाख ४० हजार, १२८० × ७२० म्हणजे ९ लाख २१ हजार. नऊशेवर आलास की ग्राफिक्सचं ओझं तीस टक्के उतरतं आणि पंधरा इंची पडद्यावर डोळ्यांना फारसं टोचत नाही. कडा गुळगुळीत करणाऱ्या दोन पर्यायांपैकी जड एमएसएए बंद, हलका एफएक्सएए चालू. गवत ‘नॉर्मल’, सावल्या ‘नॉर्मल’, ॲडव्हान्स्ड पानावरचं सगळं बंद. टेक्स्चर मात्र उगाच पाडायचं नाही. ते मेमरीत मावलं की वेगावर फारसा भार टाकत नाही, मावलं नाही की सगळंच आचके खातं. वर मेमरीची पट्टी दिसते, ती तुझ्या २ जीबीच्या आत राहील असं ठेव, म्हणजे ‘नॉर्मल’. ‘पॉप्युलेशन डेन्सिटी’ अर्ध्यावर आण. रस्त्यावरचे लोक आणि गाड्या प्रोसेसर हाकतो, ग्राफिक्स नव्हे, आणि हे कुणी बदलतच नाही.

मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जीटीएसाठी ‘मॅक्स फ्रेम रेट’ ४५वर बांध. साठवरून वीसवर आणि परत साठवर अशा हेलकाव्यांपेक्षा सरळ पंचेचाळीस हाताला कितीतरी गोड लागतात, आणि मधल्या फुरसतीत चिप थंड होते. मुलं माझ्याशी यावर वाद घालतात. मी सांगतो, कोपऱ्यातला आकडा झाकून अर्धा तास खेळ. तोच आकडा परत मागायला अजून कुणी आलेलं नाही.

व्हॅलोरंटचं गणित निराळं. तो मुख्यतः प्रोसेसरवर अडतो, त्यामुळे रिझोल्युशन पाडून फार काही हाती लागत नाही. मल्टीथ्रेडेड रेंडरिंग चालू ठेव, आणि मेन्यूतला एफपीएस ३०वर बांधायचा पर्याय शोध. नाहीतर सामना मिळायची वाट बघत लॉबीत बसलेला असताना लॅपटॉप फुकट दीड-दोनशे फ्रेम काढत तापतो, आणि पहिली फेरी सुरू व्हायच्या आधीच तू दहाव्या मिनिटाला पोचलेला असतोस.

गेम बूस्टर, रॅम क्लीनर, रजिस्ट्री साफ करणारी हत्यारं, कुणीतरी ‘हलकं’ करून वाटलेलं विंडोज, यातलं काही नको. रॅम क्लीनर तर गेमला हवा असलेला डेटाच रॅममधून हाकलतो आणि पुढच्या क्षणी तो डिस्कवरून परत आणावा लागतो, म्हणजे रोग विकत घेणं. जास्तीच्या फ्रेम बनवून देणारं लॉसलेस स्केलिंग चांगलं आहे, पण त्याला ग्राफिक्समध्ये शिल्लक ताकद लागते. तुझी चिप आधीच ९५ टक्क्यांवर असेल तर शिल्लक कुठली? व्हॅलोरंटमध्ये तर त्याने नेम चुकेल.

आणि काही गेमपुढे हात टेकायचे. २०२३चा ॲलन वेक २ मेश शेडर या नव्या चिपमधल्या सोयीवर बेतलेला आहे, २०२४च्या शेवटी आलेला इंडियाना जोन्स हार्डवेअरमधलं रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब) मागतो. हे तुझ्या चिपमध्ये नाहीच, तिथे कुठलीही सेटिंग कामाची नाही. जीटीए, व्हॅलोरंट, २०१७-१८पर्यंतचे बरेच गेम एवढं मैदान तुझ्यासाठी मोकळं आहे.

झाकण उघडशील तेव्हा बॅटरीकडे नीट बघ. टचपॅड वर आलाय, झाकण बसताना फुगवटा लागतोय, बॅटरीचा पापड उशीसारखा झालाय, असं दिसलं तर बाकी सगळं थांबव. टोचू नकोस, दाबू नकोस, कनेक्टर काढ आणि पाच हजारांतले पहिले पैसे नव्या बॅटरीला जाऊ देत. एसएसडी पुढच्या महिन्यात. बॅटरी धड असेल तर आधी साफसफाई आणि पेस्ट कर, मग तेच वीस मिनिटांचं मोजमाप पुन्हा घे, आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी लिहून मला कळव. तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरलं नसेल तर बहुधा हीटसिंक चिपवर नीट टेकलेला नाही, झाकण परत उघडावं लागेल.